वाटेवरचा बाजार: दीडशे मीटरच्या वर्तुळात काय मावत नाही



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना बहुधा शंकराचार्य किंवा कांट अपेक्षित असावेत. मी म्हटलं, 'स्टेशनबाहेरचा बाजार'. फोनवर क्षणभर शांतता. मग अगदी अदबीनं प्रश्न आला, "सर, यात तत्त्वज्ञान कुठं आहे?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तासाभरात देता आलं तर बघतो.

आधी मीच तुम्हाला एक विचारतो. तुमच्यापैकी काही जण कामावरून परस्पर इथं आलेले दिसताहेत. पायाशी पिशव्या आहेत. त्या पिशव्यांत काय आहे? कोथिंबीर असेल, अर्धा डझन केळी असतील, उद्याच्या पूजेची फुलं असतील. यातली कुठली वस्तू घ्यायला तुम्ही मुद्दाम घरून निघाला होता? एकही नाही. गाडीतून उतरलात, जिना उतरलात, चालू लागलात आणि चालता चालता खरेदी झाली. 'झाली' हे क्रियापद लक्षात ठेवा. आपण ती 'केली' असं म्हणण्याइतकासुद्धा विचार तिच्यामागे नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुंबईच्या उपनगरांत बाजार कुठे भरेल हे दुकानदार ठरवत नाही, महापालिका ठरवत नाही आणि गिऱ्हाईकही ठरवत नाही. गाडीतून उतरलेला माणूस घरी कुठल्या वाटेनं चालत जातो, यावर ते ठरतं. म्हणजे जो वाहतुकीची रेघ आखतो तो नकळत बाजारही आखत असतो. तक्रार आहे ती या 'नकळत'बद्दल. रेघ आखणारा त्या बाजाराची जबाबदारी घेत नाही. उलट बाजार उभा राहिला की त्यालाच अडथळा म्हणतो.

आता या विषयावर विद्वानांनी काय म्हटलंय ते पाहू. वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून एक सिद्धांत मांडला. लहान गावं मोठ्या गावाभोवती षट्कोनी जाळ्यात बसतात. रोजच्या वस्तू जवळ मिळतात, क्वचित लागणाऱ्या वस्तूंसाठी लांब जावं लागतं. त्याच्या आधी, १९३१ साली, अमेरिकेत विल्यम रायली यानं बाजाराला चक्क गुरुत्वाकर्षणाचा नियम लावला. दोन शहरांच्या मधल्या गावातली गिऱ्हाइकं कुणाकडे जातील? तर शहर जितकं मोठं तितकी ओढ जास्त, आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ती कमी. त्याही आधी, १९२९ साली, हॅरॉल्ड होटेलिंग यानं दाखवलं की एका सरळ रस्त्यावर दोन दुकानदार असतील तर स्पर्धेपोटी दोघंही सरकत सरकत मध्यावर येतात आणि एकमेकांना खेटून बसतात.

तिघंही बुद्धिमान. क्रिस्टालरवर अन्याय नको, कारण वाहतुकीच्या रस्त्यामुळे केंद्रांची मांडणी बदलते हे त्यानं स्वतःच नोंदवून ठेवलंय. पण या तिघांच्या विचारात एक गृहीतक न बोलता बसलेलं आहे. गिऱ्हाईक घरी असतं. त्याला वस्तू हवीशी वाटते. तो घरातून निघतो, बाजारात जातो, घरी परत येतो. अंतर मोजायचं ते घर ते दुकान.

डोंबिवलीच्या बाईला हे लावून बघा. ती सकाळी साडेसातच्या सुमारास घर सोडते आणि संध्याकाळी साडेसातला स्टेशनवर उतरते. तिच्या बाबतीत घर ते दुकान हे अंतर अस्तित्वातच नाही. तिच्याकडे अंतर नसतं, तिच्याकडे मिनिटं असतात. गाडी ते घर, वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत भाजी, दूध, मुलाचा चार्टपेपर आणि जमलं तर चपलेचा अंगठा शिवून घेणं. या मिनिटांनी नवीन वस्तूही जन्माला घातल्या आहेत. दादरला, ठाण्याला स्टेशनबाहेर निवडलेली मेथी, सोललेला लसूण, चिरलेली फरसबी छोट्या पिशव्यांतून मिळते. ही वस्तू शेतात पिकत नाही, ती वेळापत्रकात पिकते. लोकलमधल्या बायकांच्या डब्यात मांडीवर भाजी निवडणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. पुढे ते निवडण्याचं कामच डब्यातून उतरून फुटपाथवर येऊन बसलं.

तेव्हा पाश्चात्त्य सिद्धांताला आपल्याकडे पहिला धक्का बसतो तो इथं. त्यांचा बाजार हे जाण्याचं ठिकाण आहे. आपला बाजार हा वाटेवर लागणारा आहे.

आपल्या भाषेला मात्र हे आधीपासून ठाऊक आहे. खेडेगावात विचारा, "बाजार कधी?" उत्तर येतं, "गुरुवारी." 'आज बाजार आहे' या वाक्यात बाजार ही जागा नसून वेळ आहे. आठवडी बाजाराचा व्यापारी सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या. पुण्याच्या पेठांना वारांची नावं आहेत. उपनगरी बाजारानं वारांच्या जागी तास आणले. सकाळी सहाला फुलं आणि वर्तमानपत्रं, नऊला वडापाव आणि चहा, संध्याकाळी सहानंतर भाजी आणि फळं. तीच दोन मीटरची जागा दिवसभरात तीन बाजार होते.

आणखी एक शब्द पाहा: फेरीवाला. फेरी मारणारा तो फेरीवाला. पूर्वी तो डोक्यावर पाटी घेऊन वाड्यावाड्यांतून, चाळींतून ओरडत हिंडायचा. गिऱ्हाईक घरी असायचं. आज स्टेशनबाहेर बसलेला माणूस फेरी मारतच नाही. फेरी आता कोण मारतं? तुम्ही आणि मी. रोज सकाळी इकडून तिकडे, संध्याकाळी तिकडून इकडे. खरा फेरीवाला पासधारक प्रवासी आहे! विकणारा शहाणा झाला. त्यानं ओळखलं की गिऱ्हाईकच आता फिरतंय, आपण एका जागी बसलेलं बरं.

हे कसं घडत आलं त्याचा थोडा इतिहास पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची गाडी धावली. रुळांनी दोन गोष्टी एकदम केल्या. माणसांना उत्तर-दक्षिण जोडलं आणि पूर्व-पश्चिम तोडलं. आपल्या पत्त्यात आज 'पूर्व' आणि 'पश्चिम' असतं, ते सूर्यामुळे नाही, रुळांमुळे. एकाच गावाला दोन बाजारपेठा असतात. मुलुंडला तसं, विलेपार्ल्याला तसं. पूर्वेचा माणूस पश्चिमेला सहज भाजी आणायला जात नाही, कारण मध्ये जिना आहे. जमिनीची किंमतही याच हिशेबानं. घरांच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असं असतं. किलोमीटर कुणी लिहीत नाही.

ट्रामचंही तसंच. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतली शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि ट्राम संपली. पण दादर पूर्वेला आजही लोक 'टीटी' म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. साठ वर्षं झाली, ज्यांनी ट्राम पाहिलीसुद्धा नाही ते टॅक्सीवाल्याला 'टीटीला घ्या' म्हणून सांगतात. वाहन गेलं, तरी ते जिथं माणसं उतरवायचं ती जागा नावानं आणि गर्दीनं टिकून राहिली.

मग महामार्गाचा काळ आला. लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, त्याच्या कडेचे कारखाने बंद पडत गेले आणि त्या पट्ट्यात मॉल उभे राहिले. ठाण्यात पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून राहिले. या मॉलचं तोंड कुठे आहे ते बघा. मोटारीकडे. त्याची पाठ बहुतेक वेळा वस्तीकडे असते. मॉल हा पुन्हा 'जाण्याचं ठिकाण' झाला: मुद्दाम ठरवून, रविवारी, गाडी काढून. रायलीचं गुरुत्वाकर्षण इथं लागू पडतं, कारण ही वाहतूकच त्याच्या अमेरिकेसारखी आहे. गंमत अशी की ज्या व्हिक्टर ग्रूएननं १९५६ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात साऊथडेल हे पहिलं बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारलं, त्याला खरं तर मोटारींनी विस्कटलेल्या उपनगराला एक गावचौक द्यायचा होता. भोवती झाली ती पार्किंगची मैदानं. उतारवयात त्यानं आपल्या या अपत्याशी नातं जाहीरपणे तोडलं. चौक इमारतीमुळे होत नाही, चालत येणाऱ्यांमुळे होतो, हे त्याला उशिरा उमगलं असावं.

उलट उदाहरण आपल्याकडचंच. डोंबिवलीचा फडके रोड. स्टेशनजवळचा बाजाररस्ता. दिवाळीच्या पहाटे तिथं तरुण मुलंमुली नटूनथटून जमतात, आधी गणपतीचं दर्शन, मग गप्पा. हा चौक कुणी आराखड्यात काढला नव्हता. वर्षभर ज्या रस्त्यावरून सगळं गाव येतं-जातं, त्याच रस्त्यावर सणाला भेटावंसं वाटतं. बाजारानं आधी माणसांना एकमेकांचे चेहरे दाखवले, मग तिथं उत्सव झाला.

आता स्कायवॉक. २००८ साली वांद्रे स्टेशन ते कलानगर असा पहिला स्कायवॉक झाला आणि मग उपनगरांत ठिकठिकाणी झाले. कल्पना साधी: खाली गर्दी आहे, चालणाऱ्याला वर उचला. यात चालणं म्हणजे पाण्यासारखं मानलं होतं. नळ बदलला की पाणी बदललेल्या वाटेनं जाणार. प्रत्यक्षात काय झालं? काही स्कायवॉक ओस पडले. संध्याकाळनंतर बायका तिथून जायला कचरायच्या. का? वर दिवा असला तरी दुकान नाही, दुकान नाही म्हणून माणूस नाही, माणूस नाही म्हणून भीती. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेनं १९६१ साली हेच मांडलं होतं, की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर सतत असलेल्या नजरांमुळे. भाजीवालीची नजर हा पोलिसाचा पगार न घेणारा पहारा आहे. आणि कल्याणला काय झालं? तिथला स्कायवॉक खरोखरच लोकांच्या घरी जायच्या वाटेवर होता. तर तिथं बाजारच जिना चढून वर गेला! मग तक्रार सुरू झाली की फेरीवाल्यांनी स्कायवॉक बळकावला. म्हणजे रिकामा राहिला तरी फसला, भरला तरी फसला. मित्रहो, एखादी योजना दोन्ही प्रकारे फसत असेल तर दोष माणसांत शोधू नये, व्याख्येत शोधावा.

मेट्रोनं हा प्रश्न पुढे नेलाय. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग सुरू झाला. घाटकोपरला मेट्रोतून उतरून पुलावरून थेट लोकलच्या फलाटावर जाता येतं. प्रवाशासाठी हे वरदान आहे, मीही त्याचा लाभ घेतो. पण पूर्वी हाच माणूस बसमधून उतरून स्टेशनपर्यंत रस्त्यावरून चालायचा. आता त्याचे पाय घाटकोपरच्या जमिनीला लागतच नाहीत. त्याच्या चालण्यावर कुणाकुणाचं पोट होतं, हा प्रश्न प्रकल्पाच्या अहवालात कुठल्या रकान्यात बसतो? वाचलेली मिनिटं आपण रुपयांत मोजतो. गेलेली वाट मोजत नाही.

आता जी गोष्ट मला खरी टोचते तिच्याकडे येतो. २९ सप्टेंबर २०१७. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्टेशनचा पादचारी पूल. पाऊस, अरुंद जिना, सकाळची गर्दी. तेवीस माणसं चेंगरून गेली. त्या परिसरातल्या गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले होते. माणसं वाढली, जिना तेवढाच राहिला. याचा संताप साहजिक होता. पण तो संताप पुढच्या काही आठवड्यांत कुणावर निघाला? स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांवर. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालात स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत, अशी अट होतीच. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली.

न्यायालयाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माणसांना सुखरूप बाहेर पडता आलं पाहिजे. माझी हरकत वर्तुळाला आहे. आणि संयोजकहो, तुमचं तत्त्वज्ञान इथं येतं.

अवकाश म्हणजे काय यावर न्यूटन आणि लायबनिट्स यांच्या पक्षांत मोठा वाद झाला होता. न्यूटनच्या मते अवकाश म्हणजे एक रिकामं भांडं. वस्तू असोत नसोत, ते असतंच आणि सगळीकडे सारखंच असतं. लायबनिट्स म्हणाला, असं भांडं कुठेही नाही. वस्तूंचे एकमेकांशी जे संबंध असतात त्यांच्या मांडणीलाच आपण अवकाश म्हणतो. दीडशे मीटरचं वर्तुळ काढणारा माणूस न्यूटनचा शिष्य आहे. त्याच्या लेखी स्टेशनभोवतीचा प्रत्येक मीटर सारखा. एका बिंदूभोवती हे वर्तुळ काढलं तरी सुमारे सात हेक्टर, म्हणजे सतरा-साडेसतरा एकर जमीन त्यात येते. पण त्यातली गर्दीची जागा किती? दोन जिन्यांची तोंडं आणि एक गल्ली. मागच्या बाजूची भिंत, रेल्वेचं गोदाम, तिकडे कुणी फिरकत नाही. तिथंही बंदी! आणि एकशे साठ मीटरवर, जिथं रिक्षाची रांग आणि बसथांबा एकमेकांत अडकतात, तिथं वर्तुळाची परवानगी.

भाजीवाली लायबनिट्सच्या पक्षाची. तिच्यासाठी जागा म्हणजे संबंध: जिना कुठे उतरतो, रिक्षा कुठे लागते, कुठे माणसाचा वेग आपोआप कमी होतो. ती मीटर मोजत नाही, पावलं वाचते. आणि दीडशे मीटर म्हणजे चालण्याची दोन मिनिटं. वीस मिनिटांतली नेमकी हीच दोन मिनिटं, जेव्हा वाट अजून फुटलेली नसते आणि सगळे एकत्र चालत असतात. पुढे प्रत्येक जण आपल्या गल्लीला वळतो. तिथं बसून ती काय विकणार?

कायदा इतका आंधळा नाही, हेही सांगितलं पाहिजे. रस्त्यावर विक्री करणं हा घटनेतल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, योग्य निर्बंधांसह, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच म्हटलंय. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात 'नैसर्गिक बाजार' अशी संकल्पना आहे: जिथं विकणारे आणि घेणारे परंपरेनं जमत आलेत ती जागा. त्याच कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत अशी तरतूद आहे. आता विचार करा. उपनगरात स्टेशनच्या तोंडापेक्षा अधिक नैसर्गिक बाजार कुठला? एका हातानं कायदा त्या जागेला ओळख देतो आणि दुसऱ्या हातानं वर्तुळ तीच जागा पुसून टाकतं.

तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, "सर, तुम्हाला चालायला जागा मिळते का?" नाही मिळत. माझं वय सत्तरीच्या पुढे आहे. फुटपाथवर टोपल्या, खाली उतरावं तर दुचाकी. पडलो तर कंबरेचं हाड जाईल, ही भीती मला रोज असते. पक्कं दुकान घेऊन भाडं आणि कर भरणाऱ्याचं गाऱ्हाणंही खोटं नाही; त्याच्या दारात कुणी गाळा मांडला तर त्यानं काय करावं? आणि बेकायदा ठरवलेल्या माणसाकडून हप्ता घेणारी एक साखळी उभी राहते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती साखळी बंदीवरच जगते. परवाना असता तर तिला हप्ता कशाचा मिळाला असता?

म्हणून माझी मागणी 'सगळ्यांना कुठेही बसू द्या' अशी नाही. वर्तुळाऐवजी वाट आखा, एवढीच आहे. नवं स्टेशन बांधताना, जुनं सुधारताना, माणसं कुठून कुठे चालतात ते आधी संध्याकाळी उभं राहून मोजा. जिन्याचं तोंड आणि त्यापुढची काही पावलं पूर्ण मोकळी ठेवा, तिथं तडजोड नको. त्यापुढे रस्त्याच्या एका बाजूला विक्रेत्यांची आखलेली ओळ, दुसरी बाजू चालणाऱ्यांची. सकाळचे विक्रेते वेगळे, संध्याकाळचे वेगळे, वेळ लिहिलेला परवाना. आणि हे आराखड्याच्या वेळीच, ज्या पैशांत पूल होतो त्याच पैशांत. बाजाराला वाहतुकीचा शत्रू न मानता वाहतुकीचा शेवटचा टप्पा माना.

हे आज का सांगतोय? कारण फेरी पुन्हा उलटते आहे. आता दहा मिनिटांत घरी सामान आणून देणारी मुलं दुचाकीवरून धावताहेत. म्हणजे विकणारा पुन्हा फिरायला लागला आणि गिऱ्हाईक घरी बसलं. पण पूर्वीच्या पाटीवाल्याला आपण नावानं हाक मारायचो, भाव करायचो, उधारी ठेवायचो. या मुलाचं नाव फोनवर येतं आणि दार बंद होताच पुसलं जातं. त्याचं दुकान म्हणजे गिऱ्हाइकाला दार नसलेलं गोदाम. हा नवा बाजार ना जाण्याचं ठिकाण आहे, ना वाटेवरचा. त्याला ठिकाणच नाही.

स्टेशनबाहेरच्या त्या वीस मिनिटांत आपण भाजी घेतो, हे खरं. पण त्याच वीस मिनिटांत आपण आपल्या जातीचे, भाषेचे, पगाराचे नसलेल्या माणसांशी रोज दोन वाक्यं बोलतो. "ताई, आज नाही आलात?" असं घराबाहेर आपल्याला विचारणारं दुसरं कोण आहे? ते दोन मीटर आपण अडथळा म्हणून पुसले, तर मोकळ्या रस्त्यावरून आपण लवकर घरी पोचू, यात शंका नाही. वाटेत कुणी ओळखीचं भेटणार नाही, इतकंच.

आता परत जाताना जिन्याच्या खाली क्षणभर थांबा आणि कोण कुठे बसलंय ते नीट पाहा. शहराचा आराखडा तिथं रोज संध्याकाळी जमिनीवर मांडलेला असतो.